सरहद्दीवरचा नगारा

मी एक नगारा. टिपरू पडल्याशिवाय आजवर तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि टिपरू पडल्यावर कुणाच्या बापाला आवरलो नाही. आज कादर नगारची मला अंगणात उन्हाला टेकवून नमाजाला गेलाय. तो येईपर्यंत माझी हकीकत सांगून टाकतो. आवाज मोठा वाटला तर राग मानू नका, हळू बोलायची सवयच नाही मला.

माझं पोट तांब्याचं आणि तोंडावर रेड्याचं कातडं. पुण्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. जन्मतानाच इतका मार खाल्ला की पुढं आयुष्यभर तेच काम मिळालं. पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मार खाल्ला तेव्हाच लोकांनी मला मान दिला, नुसता बसून होतो तेव्हा माझ्यावर मिरच्या वाळत घातल्या.

लोणावळ्याहून कुसगाव ओलांडून मागचा डोंगर चढलात की वर मोकळं पठार लागतं. पठाराच्या मधोमध शेंदूर फासलेला एक दगड होता. दगडाच्या अलीकडं इंग्रजाचं राज्य, पलीकडं आमचं संस्थान. त्याचं नाव सांगत नाही, आता ते नकाशावरही उरलेलं नाही. संस्थान तळहाताएवढं, पण ऐट अशी की दिल्लीच्या पातशहानं शिकायला यावं. पलीकडच्या उतारावर संस्थानाची चौकी होती, तिच्या खाली गवळ्या-शेतकऱ्यांची वाडी. मला त्या चौकीवर बसवलं. शत्रू आला की वाजायचं, असा हुकूम होता.

शत्रू काही आला नाही. आल्या त्या म्हशी. वाडीच्या साऱ्या म्हशी पठारावर चरायच्या, आणि म्हशीला सरहद्द कुठली? गवत दिसेल तिकडं तोंड. कुसगावची गुरं आमच्याकडं यायची, आमची त्यांच्याकडं जायची. गुराखी एकमेकांची भाकरी खायचे आणि चौकीवरचे आम्ही डोळेझाक करायचो.

जर्मनशी झालेल्या पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याला गोऱ्यांचा कँप पडला आणि डोंगराच्या त्या अंगाला चांदमारी सुरू झाली. शिपाई फळ्यांवर नेम धरून गोळ्या झाडायचे, चुकलेल्या गोळ्या सूं सूं करत पठारावर यायच्या. एके दिवशी वाडीतली एक दुभती म्हैस जागच्या जागी पडली. झालं! संस्थानातून खलिता गेला, कँपातून उलटा खलिता आला. हे म्हणाले, आमच्या हद्दीत गोळी आली. ते म्हणाले, तुमची म्हैस आमच्या हद्दीत होती. मेलेल्या म्हशीची हद्द कोण सांगणार?

तेव्हा त्या कँपचा एक कप्तान घोडा कुसगावात ठेवून पायी डोंगर चढून आला. मान उन्हानं लालबुंद झालेली. बरोबर एक दुभाष्या होता, बंदूक नव्हती. त्यानं वाडीतल्या माणसांना विचारलं, "काय केलं म्हणजे तुमची जनावरं वाचतील?"

असं आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्या राजांनीसुद्धा नाही.

मग ठरलं ते असं. चांदमारीच्या दिवशी सकाळी कँपचा शिपाई वर येऊन दगडापाशी लाल निशाण चढवील. निशाण दिसलं की कादरनं मला वाजवायचं. मी वाजलो की गुराख्यांनी म्हशी घेऊन उताराला लागायचं. चिलीम ओढून होईल इतका वेळ गेल्यावर तिकडं गोळी सुटेल. दगडावर बेल आणि भंडारा ठेवला. तो उचलला की दिलेला शब्द मोडायचा नाही, ही आमच्या मुलखाची रीत. कप्तानानं दुभाष्याला अर्थ विचारला, हातमोजा काढला आणि उचलला. पाठोपाठ कादरनंही उचलला. कुणीतरी म्हणालं, "कादर, तुजा कशाला हात?" तो म्हणाला, "वाजवायचं मला हाय. सबूद बी माजाच लागंल का न्हाई?"

दोन राज्यांची दोस्ती दरबारात होते म्हणतात. मी पाहिली ती शेणात पाय बरबटून झालेली. पण ती टिकली. लढाईत कँप रिकामा झाला, कप्तान कुठं गेला कळलं नाही, नव्या पलटणी आल्या आणि गेल्या, पण निशाण चढत राहिलं आणि मी वाजत राहिलो. धुक्याच्या दिवसांत माझं कातडं ढिलं पडायचं, तेव्हा कादर पहाटे उठून मला शेकोटीवर शेकायचा. म्हणायचा, "बोल बाबा मोकळ्या आवाजानं. वर मानसं हायेत." म्हशींनाही माझा आवाज असा पाठ झाला होता की गुराखी हाकायच्या आत त्या माना वळवायच्या. सोयरेच माझे ते, कातड्याचं नातं!

या म्हशींत सगळ्यांत उर्मट कळप रतनबाईचा. ही लग्न होऊन वाडीत आली तेव्हा नुसत्या हाडांची पोर होती. पुढं नवरा गेला आणि साऱ्या घराचा भार हिच्या म्हशींवर आला. तिचं तोंड माझ्यापेक्षा मोठं होतं. मी वाजलो की ती खालून कादरला ओरडायची, "ऐकलं रं, भाऊ! भैरी हाय का मी?" आणि तरी सगळ्यांत आधी उतरायला लागायची. तिच्या लेकरांच्या तोंडातला घास म्हणजे त्या म्हशी. ती त्या माझ्या आवाजाच्या भरवशावर पठारावर सोडायची. एवढा भरवसा माझ्यावर कुणी टाकला, याचा मला आजही अभिमान आहे.

अशी वीसेक वर्षं गेली. मग कँपवर एक नवा कर्नल आला.

आता त्याला वाईट म्हणावं तर जीभ रेटत नाही. माणूस मनाचा चांगला होता, आणि चांगल्या माणसाला काही करून दाखवायची घाई असते. शेजारच्या संस्थानाशी कँपचे इतके जुने संबंध आहेत हे कळल्यावर त्याला प्रेमाचं भरतं आलं. त्यानं आमच्या शिबंदीला लोणावळ्याच्या मैदानावर दोस्तीच्या कवायतीचं आवतण धाडलं. आमची शिबंदी म्हणजे दहा-पंधरा म्हातारे, ठासणीच्या बंदुका आणि ठिगळाचे अंगरखे. पण ठाणेदार महिपतराव हरखून गेले. महिपतराव म्हणजे चौकीचे मुख्य, पुण्यात शिकलेले, टापटिपीचे. त्यांनी अंगरखे धुऊन घेतले आणि मला चिंचेनं घासायला लावलं. बैलगाडीत बसून मी लोणावळा पाहिलं. रेल्वेच्या इंजिनाची शिटी ऐकली आणि मनात म्हटलं, आहे, याचाही गळा बरा आहे.

कवायत झाली. आधी आमची, मग त्यांची. त्यांनी एका मिनिटात शेकड्यानं गोळ्या ओकणारी बंदूक चालवून दाखवली. गवताचे पुतळे उभे केले होते, ते कमरेत तुटून पडले. कर्नलच्या मनात पाहुण्यांना आपलं उत्तमातलं उत्तम दाखवावं एवढंच होतं. आमच्या म्हाताऱ्यांनी ते पुतळे पाहिले आणि त्यांचे चेहरे उतरले. मग सर्वांना गुडदाणी वाटली. ती हातातच राहिली.

तरी तिथवर निभावलं असतं. पण शेवटी कर्नल उठला आणि म्हणाला, आमच्या पलटणीत अशी चाल आहे की, ज्यांना आपण सख्ख्या भावासारखं मानतो त्यांच्याशी ढोल बदलायचा. तुमचा नगारा आमच्याकडं मानानं राहील, आमचा ढोल तुमच्या चौकीवर वाजेल. बँड वाजला. शिपायांनी मला सलामी दिली. ती खरी सलामी होती. वाजणाऱ्या वस्तूला खऱ्या-खोट्याचा आवाज कळतो.

पण आमच्या मुलखात नगारा आणि निशाण कुणी भेट देत नाही. हरलेल्याचा नगारा जिंकलेला काढून नेतो. पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट, पण महिपतराव तोंडातून "नाही" काढू शकले नाहीत. ते हसले. वाकून मुजरा केला. कादर माझ्या कडीला हात घालून उभा होता, त्याला त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. कादरनं हात काढला. त्या घडीला मला जो हिसका बसला तो तांबटाच्या हातोड्यानंही कधी बसला नव्हता.

गोऱ्यांच्या जेवणघरात मला कोपऱ्यात ठेवलं. रोज पुसायचे, लखलखीत ठेवायचे. वर पेले ठेवायचे. कुणी रंगात आला की चमच्यानं टकटक करायचा आणि सगळे हसायचे. मान होता, नाही म्हणत नाही. पण मला लाज वाटायची. निशाण चढत असेल आणि मी इथं पेले सांभाळत बसलोय, हा विचार पोटात घुमायचा.

वाडीत काय झालं ते मला मागाहून कादरनं सांगितलं, तेल लावता लावता. बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. "नगारा गेला. राज गेलं. गोळी बी न झाडता गेलं!" कुणी म्हणालं, पुतळे कापून दाखवले ते कशासाठी? पुढची पाळी आपली. कुणी म्हणालं, हे निशाण आता गुरांसाठी नाही, आपलं गायरान बळकावण्यासाठी आहे, एकदा उतरलो की परत चढू देणार नाहीत. कुसगावच्या गुराख्यांची भाकरी बंद झाली. आणि महिपतराव! ज्यांनी हसून मुजरा केला त्यांनीच लोकांच्या डोळ्यांतली शरम सहन न होऊन छाती पुढं काढली. "निशाण चढो नाहीतर काही चढो," ते म्हणाले, "आपली हद्द सोडून कुणी उतरायचं नाही."

पुढच्या चांदमारीला निशाण चढलं. कादरनं तो नवा ढोल बडवला. त्याचा आवाज मैदानावरच्या कवायतीसाठी ठीक, पण डोंगरावर धाप लागल्यासारखा मध्येच बसायचा. म्हशींनी कानही हलवला नाही. ज्या माणसांना ऐकू गेला तीही हलली नाहीत.

कादर ढोल टाकून वर पळाला. पहिल्या कळपापाशी रतनबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"रतने, खाली चल! टाइम झाला!"

"गोऱ्याचा ढोल तूच वाजव आन तूच नाच, कादरभाऊ. मी न्हाई येत."

"अगं, त्यांस्नी काय ठावं तुमी हितं हाय म्हून? त्यांना वाटतंय, पठार मोकळं झालं!"

"नगारा दिऊन टाकला तवा न्हाई बोललास. आता कशाला बोलतुस?"

कादरनं पुढच्या म्हशीचं शिंग धरलं आणि ओढायला लागला. रतनबाई त्याच्यावर धावली. तेवढ्यात पहिली फैर झाली. दोघंही खाली पडली. रतनबाई उठली, कादर उठला नाही. गोळी त्याच्या उजव्या खांद्यातून गेली होती. त्याचा टिपरू धरायचा हात तो.

रतनबाई त्या गोळ्यांमध्ये उभी राहिली. डोक्यावरचा पदर ओढून हलवत, ओरडत ती निशाणापर्यंत पळत गेली आणि तिनं ते काठीसकट उपटून टाकलं. तेव्हा कुठं तिकडची चांदमारी थांबली. मग वाडीच्या माणसांनी कादरला घोंगडीत घालून कुसगावावरून कँपच्या दवाखान्यात नेलं. रतनबाई सारी वाट बरोबर चालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिला गप्प पाहून लोकांना जास्त भीती वाटली.

दवाखान्यातून कर्नल जेवणघरात आला तेव्हा त्याच्या मागोमाग महिपतराव होते. मी कोपऱ्यातून सगळं ऐकलं. महिपतरावांना इंग्रजी येत होतं, पण त्या दिवशी ते मराठीतच बोलले आणि दुभाष्यानं सांगितलं.

"साहेब, नगारा आम्ही देत नसतो. हरलो की जातो. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

कर्नलनं माझ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही हसलात का?"

"तुम्ही बलाढ्य आहात, साहेब. बलाढ्य माणसानं प्रेमानं काही मागितलं, तरी आमच्यासारख्याला ते मागणं वाटत नाही."

कर्नलनं पुढं होऊन माझ्यावरचे पेले एकेक करून उचलले.

दुसऱ्या दिवशी तो मला बँड लावून, सलामी देऊन परत पाठवायला निघाला होता. खाटेवरून कादरनं निरोप धाडला, "बाजा नगं. बाजा ऐकला की लोक म्हनतील, आता आनि काय न्यायला आलं." मग मला एका खेचरावर घालून गुपचूप वर आणलं. कर्नल पायी आला. दगडापाशी सारी वाडी जमली होती. त्यानं मला खाली ठेवलं आणि टोपी काढून म्हणाला, "माझी चूक झाली." मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल.

रतनबाई पुढं आली. "नगारा परत दिला, लय चांगलं केलं. पर तेवड्यानं मी म्हशी उतरवायची न्हाई. भरवसा काय खेचरावर घालून आनता येतू व्हय?"

"मग काय करू?" कर्नलनं विचारलं.

"गोळी मारायच्या दिशी तुमच्यातला एक सायब हितं, माज्या म्हशींत यिऊन बसंल. नगारा वाजल, आमी उतरू. शेवटची म्हस खाली गेली की त्यानं सवताच्या हातानं निशान लावायचं आन मंग उतरायचं. त्यो हितं हाय तवर तुमी गोळी मारनार न्हाई. त्येवडा भरवसा हाय मला तुमचा."

दुभाष्या शेवटचं वाक्य सांगताना अडखळला. कर्नल मात्र हसला नाही. पुढच्या चांदमारीला तो स्वतः आला आणि गवतावर टाकलेल्या घोंगडीवर बसला. कादरचा उजवा हात लुळा पडला होता, त्यानं डाव्या हातात टिपरू धरलं. पहिले ठोके वाकडेतिकडे पडले, माझाच आवाज मला ओळखू येईना. मग पुढच्या म्हशीनं मान वळवली. एक निघाली, मागून दुसरी निघाली. रतनबाई सर्वांत शेवटी उठली. जाता जाता कर्नलसमोर ताकाचं मडकं ठेवून गेली.

त्यानंतर दरवेळी कुणीतरी येऊन बसलं. कुणी कुरकुरत बसला, कुणी पुस्तक वाचत बसला, एक जण ताकाला इतका सोकावला की पाळी नसताना यायचा. त्यांच्या मशिनगना होत्या तेवढ्याच होत्या, आमच्या ठासणीच्या बंदुका होत्या तशाच होत्या. पण कुसगावची भाकरी पुन्हा सुरू झाली. मी पुष्कळ विचार केला या गोष्टीचा. माणसाला शेजाऱ्याचं बळ खुपत नाही. ते बळ आपल्यावर कधी चालेल हे कळत नाही, ते खुपतं. ज्याच्या हाती बंदूक आहे तो थोडा वेळ तिच्यासमोर येऊन बसला, की शेजाऱ्याला झोप लागते.

मग गोरे गेले. पाठोपाठ संस्थानही विलीन झालं. महिपतरावांनी संस्थानाचं निशाण घडी करून पेटीत ठेवलं आणि ढसाढसा रडले. सरहद्दीचा दगड उपटून टाकला. लोकांनी पेढे वाटले, मी पाच दिवस वाजलो, कादरचा डावा हात सुजला. चौकी मोडली तेव्हा कादरनं मला घरी आणलं. वाटलं, आता विसावा.

परवा कँपातून एक तरुण साहेब आला. आपला, मराठी, बोलायला गोड. चांदमारी पुन्हा सुरू होणार म्हणून सांगायला आला होता. कादरनं अंगणात घोंगडी टाकली आणि विचारलं, "मंग सायब, बसायला कोन येनार?"

"आता त्याची गरज नाही, चाचा," तो म्हणाला. "तेव्हा दोन राज्यं होती, एकमेकांवर विश्वास नव्हता. आता सगळे आपलेच आहेत. आम्ही पाटी लावू."

रतनबाई दारात उभी होती. केस पांढरे झालेत, आवाज तोच आहे. ती म्हणाली, "परका यिऊन बसत हुता, बाबा. तू तर आपला. आन तूच बसायचा न्हाईस?"

त्या तरुणानं घड्याळाकडं पाहिलं आणि बघतो म्हणाला. त्याचं मन वाईट नाही, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. पण चांगल्या मनाची माणसं मी आधीही पाहिली आहेत.

उद्या चांदमारी आहे. रतनबाई म्हशी वर नेणार आहे आणि बसणारा आल्याशिवाय उतरवणार नाही. कादरनं मला वाजवायचं ठरवलंय, आणि ती उतरली नाही तर वर जायचंही ठरवलंय. त्याला एकच हात उरलाय, आणि मला त्याची काळजी वाटते.

तो पाहा, नमाज आटोपून येतोय. मला आता गप्प बसायला हवं. तुमच्यापैकी कुणाची त्या तरुण साहेबाशी ओळख असेल तर आजच त्याला गाठा. म्हणावं, मी वाजेन, त्याची चिंता नको. तू फक्त घोंगडीवर येऊन बस. शेवटची म्हैस उतरायला काही फार वेळ लागत नाही.